आत्याचा आवाज

मुलुंड,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयाआत्यास,
नेत्राचा नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं, म्हणजे तुझी आता या मांडवातून त्या मांडवात धावपळ असणार. गुडघा कसा आहे? फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर माझं पुरतं ऐकण्याआधीच तू माफ करून मोकळी होतेस, म्हणून.

माझं काम तुला ठाऊक आहे. चौदा देशांतले अभ्यासक, लहान लहान भाषा आणि त्या बोलायला शिकणारी यंत्रं. या सगळ्या गोतावळ्याची मी प्रमुख. वर्सोव्यात तू सांगत फिरतेस, "आमची नेत्रा सायबांना शिकवते." शिकवत वगैरे नाही गं, मीटिंगा घेते आणि सह्या करते.

दोन वर्षांपूर्वी मी तुझे धवले रेकॉर्ड केले. आपल्याकडे धवलारीण धवले गाऊन लग्न लावते, याचं त्या मंडळींना फार अप्रूप. तू बोंबील वाळत घालत होतीस. म्हणालीस, "तू ऐक, शिक. पन लगीन नाय तिथं माजा धवला वाजवू नको."

मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात आमच्या परदेशातल्या एका गटाने यंत्राने गायलेला नमुना ऐकवला. तुझा आवाज, ओळ संपताना तू घेतेस तो श्वाससुद्धा. पण शब्द तू कधीच गायलेले नाहीत, आणि ती नवरा-नवरी जगात नाहीत, नावं यंत्रानेच ठरवलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

सोमवारी हा आवाज जगभर खुला होणार. मग कोणीही, कशालाही तुला गायला लावेल. एकदा सुटलेला आवाज परत आणता येत नाही, हे मीच इतरांना सांगत असते.

परवानगी होती का, असं कोणी विचारत नाही, कारण कागद आहे. त्यावर तुझी सही आहे.

ती मी केली, आत्या. घरच्या माणसापुढे फॉर्म काय धरायचा, तुला परकं वाटेल, असं वाटलं. दुसऱ्यांच्या आज्यांना ओळ न ओळ वाचून दाखवली आणि मगच सह्या घेतल्या. तुझी तेवढी स्वतःच ठोकून दिली.

हे सांगितलं तर पद जाईल, कदाचित सगळं कामच बंद पडेल. बावीस जणांच्या नोकऱ्या आहेत. तीन दिवस दाराची बेल वाजली तरी दचकते. पण जास्त भीती तुझी वाटते. तू रागावशील याची नाही. तू पदर खोचशील, रिक्षा करून इथे येशील आणि म्हणशील, "आन तो कागद, आता करते सही."

आणि मी तो पुढे करेन. मला माझी खात्री नाही.

म्हणून हे पत्र पुरं करण्याआधी चौदाही देशांना कळवून टाकलं, की सही खोटी आहे, आवाज काढून टाका. अजून कोणाचं उत्तर नाही. फोन उलटा करून ठेवलाय.

तू येशील तेव्हा माझ्याकडे तुझ्यापुढे धरायला कागद नसेल. तरीही ये.

तुझ्या नावाने सही करणारी,
नेत्रा