माहेरी गेले आणि हॉटेलात उतरले

माय, तुझ्या लेकीला माहेरी हॉटेलात उतरवलं. तुला हे कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि तुझा धाकटा काही स्वतःहून सांगणार न्हाई, म्हणून मी लिहून राह्यले. तू गेलीस तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता त्याची पोरगी बोहल्यावर चढली. बियाण्याचं दुकान लई जोरात चालतं त्याचं, नव्या वस्तीत दुमजली घर बांधलंय, दारात गाडी हाय. सगळं हाय. फक्त सख्ख्या बहिणीला अंग टाकायला त्या घरात जागा न्हाई.

लग्नाच्या आदल्या दिवशी परतूरहून दुपारच्या गाडीनं गेल्ते. आमच्या ह्यांचे कापसाचे दिवस, त्यामुळं एकटीच. जालन्याला उतरले तर हा स्टेशनवर हजर. माझी पिशवी हातातून घेतली, मला बरं वाटलं. गाडी घराकडं वळायची ती जुन्या बाजाराकडं वळली तेव्हा मला वाटलं, हार-फुलं घ्यायची असतील. तर म्हणतो, "अक्का, तुझी सोय एकदम फस्क्लास केलीय, बघ तर." मी म्हटलं, कसली सोय? तर म्हणे हॉटेलात खोली घेतलीय. माझ्या कानशिलावर कुणी मारल्यासारखं झालं बघ. मी म्हटलं, "मायच्या मागं मला लॉजवर टाकायला लागला व्हय रे?" तर हसतो कसा, "लॉज न्हाई अक्का, बुटीक हॉटेल हाय. पुण्याचे लोक मुद्दाम राह्यला येतात." मी म्हटलं, बुटीकमध्ये आमच्याकडं ब्लाऊज शिवतात. त्यावर तो जल्दी जल्दी गाडी हाकत राह्यला.

तू सांग माय, लेक माहेरी येती ती कशाला? जेवण काय तिला सासरी मिळत न्हाई? नवरीची सख्खी आत्या मी. मांडवात कुणी विचारलं, आत्याबाई कुठं उतरल्यात, तर मी काय सांगायचं? भावाच्या दारात पाव्हण्यांच्या वरातीला जागा झाली आणि मला काऊंटरवरच्या पोरीकडून किल्ली घ्यावी लागली. तीही किल्ली न्हाई, नुसतं पुठ्ठ्यासारखं कार्ड. ते भिंतीत खोचल्याशिवाय दिवा लागत न्हाई. पोरगी बदनापूरची निघाली, रोज गाडीनं ये-जा करती. कोटाच्या आत मंगळसूत्र दडवलेलं. ती मला "मॅडम" म्हणाली. माझ्याच गल्लीत मला मॅडम!

हो, आपल्याच गल्लीत. ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. जिनिंगचं आवार आठवतं ना, ज्याच्या फाटकाला लागून आपल्या दोन खोल्या होत्या आणि त्यात तुझी खानावळ? गाड्या घेऊन येणारे धावड्याकडचे शेतकरी, हमाल, परतूरचे आडते, सगळे तुझ्या हातचं खाऊन जायचे. तू गेलीस, मंग जिनिंग बंद पडलं, मंग तिथं कुत्री आणि काटेरी झुडपं. मधल्या काळात मी एकदा आल्ते तर नाकाला पदर लावून पुढं गेल्ते. आता त्या आवाराचंच हॉटेल झालंय, गल्लीला काळी फरशी बसवलीय, पितळी दिवे लावलेत, जिथं कापूस तोलायचा काटा होता तिथं कॉफीचं दुकान, आणि काट्याच्या वजनांवर फुलांच्या कुंड्या मांडल्यात. तुझा पाटा दाराला अडसर म्हणून ठेवलाय. तुझाच असंल असं न्हाई, पण कुणाच्यातरी मायचा असंलच. जात्यावर काच टाकून टेबल केलंय आणि त्याच्यावर इंग्रजी पेपर. संध्याकाळी भाकर मागवली तर वाटीच्या झाकणाएवढी आली, काळ्या पाटीवर. मला वाटलं पाटीवर काही लिहून द्यायचंय. ठेचा चिमणीला घालावा तेवढा. तुझ्या खानावळीत असं वाढलं असतं तर हमालांनी ताट उचलून नेलं असतं तुझ्यासकट!

आणि न्हाणीघर. काचेचं, माय. बिलकुल काचेचं. आतलं बाहेर दिसतं. बादली न्हाई, तांब्या न्हाई, वरून पावसासारखं पाणी. पलंगावर उशाच उशा, डोकं कुठल्यावर ठेवावं हे कळंना. मी सगळ्या उचलून खुर्चीत नेऊन ठेवल्या. आणि तेव्हाच पायाखाली उजेड दिसला.

जमिनीत एक गोल भोक होतं. त्याच्यावर काच, आत दिवा. मी वाकून बघितलं. उखळ होतं ते. तुझं उखळ. कडेला टवका उडालेला हाय ना, मुसळ निसटून मी उडवलेला, त्यावरून ओळखलं. तू मिरच्या कांडायचीस आणि आम्ही दोघं शिंकत अंगणात पळायचो, त्या उखळात ह्या हॉटेलवाल्यांनी दिवा लावलाय, शोभेसाठी. म्हणजे पलंग मांडलाय ती तुझ्या चुलीची जागा. मी तिथंच खाली बसले. रडले न्हाई, खोटं कशाला सांगू. राग आला. वाटलं, घर न्हाई तर न्हाई, निदान हे तरी झाकून ठेवायचं. आपल्या दुःखाचं कुणी शोकेस करतं का?

त्या जागेवर बसल्यावर तू आठवणार न्हाईस तर काय. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी माहेरपणाला आले, तेव्हा रात्री तू माझ्या डोक्याला तेल लावून म्हणाली होतीस, "उद्या झोप तू. उन्हं अंगावर येस्तोवर झोप. लेकीनं माहेरी झोपायलाच यायचं असतं." मी त्या आशेवर डोळे मिटले, आणि फटफटायच्या आत तुझी हाक. "उठ गं बाई, पीठ मळू लाग, परतूरचे लोक पहिल्या गाडीला जायचेत." दर वेळी तेच. दर वेळी तू रात्री शब्द द्यायचीस आणि पहाटे मोडायचीस. तुझाही इलाज नव्हता, चुलीवर तवा चढला की तू तरी कुठं बसायचीस? एकदा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "सासरी राबायचं, इथं येऊनही राबायचं, मंग मी येऊ कशाला?" तू म्हणालीस, "नको येऊस." मी तडक पिशवी उचलली आणि स्टेशन गाठलं.

गाडी सुटायच्या बेतात, आणि तू फलाटावरून पळत येतेस. ओच्यात तांदूळ, पीठ लागलेले हात, मागं नारळ पोटाशी धरून हा धाकटा. डब्यातल्या सगळ्या बायाबापड्यांसमोर तू मला खाली ओढलंस, माझी ओटी भरलीस आणि दणकून बोललीस, "रुसायचं तर रुस, पण माझ्या दारातून रिकामी जायची न्हाई. रुसायचं ते भरल्या ओटीनं रुस." आणि वर हात पुढं केलास, "चार दाणे दे माघारी." लेकीनं ओटीतले चार दाणे माहेरी परत ठेवायचे, म्हणजे घर भरलेलं राहतं. फलाटावर कुठलं घर? तू ते दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेस आणि घरी डब्यात टाकायला घेऊन गेलीस. मी खिडकीतून बघत होते. वळूनसुद्धा बघितलं न्हाईस.

असो. लग्नाचं सांगते. सकाळी मी मांडवात पोचले तर नवरीची तेल-हळद उरकली होती. आत्याशिवाय! भावजय म्हणाली, "वन्सं, लई वाट बघितली तुमची, मंग भटजी घाई करायला लागले." मी म्हटलं, रिक्षा मिळंना. पण मनात धरलं. कोपऱ्यातली खुर्ची बघून बसले, अक्षता टाकल्या, जेवले, आणि पाठवणीची रडारड सुरू झाली तशी कुणाला न सांगता हॉटेलात परत आले. भावजय पोरीच्या गळ्यात पडून रडत होती, तिला माझ्या ओटीचं भान कुठून राहणार? ते मला कळत होतं. कळून काय उपयोग, जीव जळायचा तो जळतोच. पिशवी भरली. मनाशी ठरवलं, आता पुन्हा जालन्याचं तिकीट काढायचं न्हाई. रिकामी निघाले म्हणजे माहेर संपलं.

तर दारावर थापा. हा उभा. फेटा सुटलेला, डोळे सुजलेले, पोरगी आत्ताच गाडीत बसवून आल्ता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आचाऱ्याकडून आणलेला बासमती, आणि मांडवातला नारळ. "अक्का, ही विसरली. मी भरतो."

"अरे, गडीमाणूस कुठं ओटी भरतो का? डोकं फिरलं का तुझं?"

"मंग तू काय अशीच जाशील? फलाटावर मी व्हतो ना तवा. मायनं तरी कुणाला विचारलं व्हतं?"

खोटं न्हाई सांगत, मला हसावं का बोंबलावं कळंना. हळदी-कुंकू विसरला होता, माझ्याच पर्समधली डबी काढून दिली. कुंकू लावलं ते वाकडं, नाकावर सांडलं. तांदूळ असे ओतले की निम्मे त्या काचेवर, उखळाच्या उजेडात. मी विचारलं, "ही खोली तूच मागितली व्हतीस?" तर म्हणतो, "मंग काय, तशीच मिळाली व्हय? माझ्या घरी चाळीस माणसं, एका न्हाणीपुढं रांग. तुझे गुडघे दुखतात. म्हटलं अक्का मायच्या घरी राहील."

"सांगायला काय झालं व्हतं?"

"मला वाटलं, तुला दिसंल."

बघ! म्हणजे चूक पुन्हा माझीच. जल्माचा मुखदुर्बळ, माया बोलून दाखवायची न्हाई, ह्यात तुझ्यावर गेलाय. मी ओटीतले चार दाणे काढून हात पुढं केला तर बांधायला पदर कुठला त्याला. त्यानं फेट्याचं लोंबतं टोक ओढलं आणि त्याला गाठ मारली, दातांनी आवळली. मंग गाडीकडं जाताना हळूच विचारलं, "झोप लागली का अक्का रात्री?" मी म्हटलं, "कशाची झोप! तुझ्या त्या मऊ गादीनं पाठ धरली." त्याचं तोंड एवढंसं झालं.

माय, हे पाठवणार कुठं? तुझा पत्ता आता त्या हॉटेलचा झालाय. टपालात टाकलं तर काऊंटरवरची ती बदनापूरची पोरगी उघडंल आणि त्याला फोन लावंल. म्हणून हे माझ्यापाशीच राहील. तुला तेवढं सांगते, त्याला सांगणार न्हाई. रिक्षा मिळाली न्हाई हे साफ खोटं, गाडी तर त्यानं सकाळीच दाराशी पाठवली होती. ड्रायव्हर बाहेर ताटकळत बसला होता, त्यानं काऊंटरवरच्या पोरीला दोनदा आत पाठवलं, तिनं दार वाजवलं, मला ऐकूच आलं न्हाई. उन्हं पडद्यातून आत आली, पायावरून तोंडावर आली, तेव्हा कुठं जाग आली. तिकडं पोरीची हळद लागत होती आणि मी तुझ्या चुलीपाशी घोरत होते, माय. कुणी उठवलं न्हाई.