फुग्याची दाढी

दादा,

काचेनं हात कापला, टाके निघाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मूठ वळतेय ना? मग झालं." पण मुठीनं दाढी होते का रे? शेवटी फक्त हातांवरच उपचार करणाऱ्या थेरपिस्ट बाई सापडल्या. त्यांनी आधी माझं काम विचारलं. न्हावी म्हटल्यावर फुगा फुगवला, त्याला फेस लावला आणि माझ्या हाती वस्तरा दिला. "करा दाढी!" फुगा फाटकन फुटला, फेस बाईंच्या चष्म्यावर! त्या चष्मा पुसून दुसरा फुगवायला लागल्या.

वहिनी सांगत होती, तू दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देत नाहीस, पार बुवा झालायस. हे पत्र मिळालं तर उद्याच येऊन खुर्चीत बसशील. म्हणून पोस्टात टाकत नाही. आधी एक फुगा तरी शाबूत राहू दे.

तुझा,
धाकटा