मायनं घासलेला बगळा

धानोरा. बुधवार, संध्याकाळ

भद्रावतीच्या भंगारात ती काळी लोखंडी चकती दिसली, तेव्हा तिच्यावर कोरलेल्या बगळ्यासाठी घेतली. बस. मोबाईलवर पाहिलं तर जुन्या जपानी तलवारीच्या मुठीपुढची निघाली. मग येडच लागलं. तशा आणखी मागवत गेलो. गाडी विकली, मग मायची बोरमाळ. मागवलेल्या सगळ्या नकली निघाल्या. अस्सल फक्त पहिली, बगळ्याची.

उद्या नागपूरचा माणूस ती घ्यायला येणार. त्या पैशात मायले बोरमाळ करणार होतो. फोनवर त्यानं बजावलं होतं, जुन्या गंजाले हात लावू नको, किंमत त्याचीच आहे. मायले हे कुठून ठाऊक?

आज घरी आलो. उद्या पौर्णिमा, म्हणून तिनं बुद्धवंदनेचे दिवे चिंच-राखेनं घासून ठेवलेले. त्यांच्याच रांगेत बगळा. पांढराफटक.

"पाह्य, कसा चकाकून राह्यला! पावना खुश होऊन जाईन." बोरमाळेविना तिचा गळा मोकळा, बोटं काळी.

म्हटलं, "मस्त झाला, माय."

नागपूरले फोन करून येऊ नको म्हणायचं आहे. कसा करू? माय इथीच बसून पावन्यासाठी तांदूळ निवडून राह्यली.