विहिरीच्या नाटकाची बैठक

गुरुजी, परवा संध्याकाळी मेडशीच्या आपल्या शाळेच्या पटांगणात एका विहिरीने गाव सोडले. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिले. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. घडले ते असेच घडले. ते संगीत नाटक होते आणि ते माझ्या नातीने लिहिले व बसवले होते. तुम्ही गेल्यावर दोन-चार वर्षे आम्ही कसेबसे रेटले, मग पेटी बंद झाली ती बंदच राहिली. नात नागपूरला नाट्यशास्त्र शिकून आली आणि सोयाबीनचे काम आटोपताच तिने गावातल्या बाया जमवल्या. मला वाटले, एखादे पौराणिक करील. तिने विहीर केली.

नाटकातली विहीर म्हणजे गोल फेर धरून उभ्या राहिलेल्या बारा बाया, अंगावर निळी लुगडी आणि डोक्यावर एकेक पुठ्ठ्याचा दगड. सगळे गाव आपल्यात वाकून पाहते, पण कशी आहेस म्हणून कोणी विचारत नाही, या दुःखाचे एक पद म्हणून ती यष्टीत बसते आणि शहराला निघून जाते. मागे उरलेल्या खड्ड्यात एक बेडूक सरपंच होतो. बादली दोराच्या गळ्यात पडून रडते. दुसऱ्या अंकात शहरातल्या पोहण्याच्या तलावाशी विहिरीची जुगलबंदी होते आणि तीत तलाव हरतो, कारण त्याचा तळ सगळ्यांना दिसतो. शेवटी ती गावी परतते, पण जुन्या जागी न बसता चार पावले अलीकडे बसते. खड्डा तसाच राहतो आणि पडदा पडतो. लोक बराच वेळ जागचे उठले नाहीत. त्या खड्ड्याचे पुढे काय झाले, हे कोणीतरी येऊन सांगेल, असे त्यांना वाटत होते.

तुमची प्रयोगानंतरची बैठक तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर नटमंडळी सतरंजीवर आणि प्रेक्षक खुर्च्यांवर. प्रेक्षकांनी वाटेल ते बोलावे, नटांनी उत्तर देऊ नये. सर्वांत शेवटी प्रॉम्प्टरने आपल्या वहीतल्या चुका वाचाव्यात आणि दुसरा प्रयोग व्हावा की नाही ते सांगावे. प्रॉम्प्टर नटही नसतो आणि प्रेक्षकही नसतो, म्हणून त्याच्याच शब्दाला वजन, असे तुम्ही म्हणत असा. नऊ वर्षे मी तुमचा प्रॉम्प्टर होतो. नातीने नाटकाबरोबर ही बैठकही पुन्हा सुरू केली आणि ते काम माझ्याकडेच दिले. तिच्या बायांपैकी काहींना वाचता येत नाही. त्यांनी सगळे नाटक ऐकूनच पाठ केले, म्हणून विंगेत कोणी लागले नाही. पण वही लागली. शिरपूरच्या मंडळींनी प्रयोगासाठी बोलावणे धाडले होते आणि नातीने त्यांना कळवले होते, “बैठकीत आबाजी काय म्हणतात ते पाहून सांगते.” आबाजी म्हणजे मी. मी आजवर कोणाची भीड धरलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. गावातल्या लग्नपत्रिका छापण्याआधी माझ्याकडे येतात आणि तांबड्या होऊन परत जातात.

परवा प्रयोगाला वही घेऊन खुर्चीवर बसताना तुमचे स्वयंपाकघर आठवले. तुम्ही चुलीवर वांगे भाजत आहात आणि मी उंबऱ्याशी उभा आहे. आदल्या दिवशी राजाचे काम करणारा आपला किराणा दुकानदार ऐन दरबारात अडखळला आणि म्हणाला, “परधानजी, थांबा बावा, मले काही आठोन नाही राह्यलं.” पटांगण हसून लोटपोट झाले. मी विंगेतून बरोबर वाक्य दिले. त्याला ऐकू गेले नाही, म्हणून तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिले की शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले. शाळेत छापील बोलणारे तुम्ही चुलीपुढे मात्र घरच्या बोलीत बोलत असा. वांग्याची साल काढत तुम्ही म्हणालात, “लोकं राजाकडे पाहून राह्यले होते. तू त्यायले कायले आपल्याकडे पाहाले लावलं?” मी आठ दिवस तुमच्या घरी आलो नाही. माझे वाक्य बरोबर होते, एवढेच मला दिसत होते.

बैठकीला ओसरी भरली. पहिल्यांदा उठले ते माझ्या शेजारचे वयोवृद्ध शेतकरी. “मी त इंटरवलमंधी घरी जाऊन आपली विहीर पाहून आलो,” ते म्हणाले. “हाय जागेवर.”

“काका, दोरानं बांधून ठेवा,” मागून कोणीतरी म्हणाले.

एका बाईची तक्रार निराळीच होती. “विहिरीले यष्टीत बसाले जागा भेटली. आमाले कधी भेटली नाही. हे मले पटलं नाही.” निवृत्त झालेले एक वाहक तेथेच होते, त्यांनी गंभीरपणे सांगितले, “विहीर असो का कोनी असो, दारात उभं राहू देत नाही आमी. आत सरकवतो.”

माझ्याच वयाचे एक जुने नाट्यवेडे गृहस्थ बादलीवर नाराज होते. “तिच्या रडण्याले मी दोनदा वन्समोर देला. रडली नाही पुन्हा. आमच्या वक्ताच्या बाया तीन-तीनदा रडत.” एक तरुण म्हणाला, “बेडूक सरपंच झाला तेवढं समजलं, बाकी डोक्यावरून गेलं.” आपले सरपंच पहिल्याच खुर्चीवर होते, सर्वांत आधी तेच हसले. मग एक म्हातारी पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, “आमची सून विहिरीचा तिसरा दगड होती. घरी जागेवर थांबत नाही, अथी दोन घंटे उभी राह्यली.” सतरंजीवरचा तिसरा दगड लाजून वर पाहतच नव्हता. गुरुजी, मीही हसलो. इतका हसलो की चष्मा काढून पुसावा लागला.

मग माझी पाळी आली. नात सतरंजीच्या दशा ओढत खाली पाहत होती. मी पहिल्या अंकातल्या चुका वाचल्या, एकूण चौदा. नाटकातल्या यष्टीचा वाहक घंटेच्या आधी आला; दोन दगड पडले; पेटी वरच्या पट्टीत आणि विहीर खालच्या पट्टीत गेली. त्यानंतर मी पान उलटले. पुढचे कोरे होते. त्याच्या पुढचेही.

“आबाजी, वाचा ना पुढचं,” सरपंच म्हणाले. मी सांगितले, “पुढे काही नाही.”

“म्हंजे दुसऱ्या अंकात चूक झालीच नाही?”

नातीने मान वर केली. चुका झाल्याच असणार. पण मला एकही सांगता येईना. मी वही मिटली आणि म्हणालो, “मांडवात माझ्या बाजूला अंधार होता, त्यामुळे लिहिता आले नाही. अर्धवट वहीवरून निकाल देणे मला मान्य नाही. सबब हा प्रयोग शिरपूरला झालाच पाहिजे, म्हणजे उरलेल्या चुका टिपता येतील.”

मग बाराही दगड टाळ्या वाजवू लागले, आणि शेजारचे काका चिंतेने म्हणाले, “मंग मी शिरपूरले आलो त घरच्या विहिरीवर ध्यान कोन ठेवीन?”

नात वाकून पाया पडली आणि पेटी आवरायला गेली. तिला कळले असावे. तिने विचारले नाही. हे मी तिला सांगणार नाही आणि हा कागद कोणत्याही टपालपेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. विहीर शहरात उतरली तेव्हापासून लेखणी माझ्या हातात तशीच होती. ही बाई परत येते की नाही, एवढीच काळजी मला लागली होती. अंधार मुळीच नव्हता, गुरुजी. मांडवातला सर्वांत मोठा दिवा माझ्या खुर्चीच्या डोक्यावरच टांगलेला होता.