बापूचा पिवळा हात

रविवार, संध्याकाळ. नेकनूर.

डोक्यातून जात नाही. चुलतभाऊ बापू म्हणतो, आमच्या विहिरीचं निम्मं पाणी त्याला द्यायचं, असं माझ्या वडिलांनी मरायच्या आधी कबूल केलं होतं. मला तर ते तसं कधीच बोलले नाहीत. शेवटी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घ्यायचं ठरलं. मी हात पुढे केला, तर भावकीतले थोरले रंगनाथकाका म्हणाले, "तू कावून उचलतोस? तू देव मानत न्हाईस. तुला कशाचं भ्याव?"

मग बापूनं उचलला. हळदीनं पिवळा झालेला त्याचा हात थरथरत होता. आणि मला त्याच क्षणी पटलं, हा खरं बोलतोय. पाणी देतो, असं सांगूनच आलो.

हे कसलं तर्कशास्त्र? बापू देवाला भितो, एवढ्यानं देव आहे हे सिद्ध होत नाही. माझं नास्तिकपण जागच्या जागी आहे. पण मी विश्वास ठेवला तो त्या भीतीवरच ना? तो पिवळा हात. माझा हात मात्र कोराच परत आला. मीही खरंच बोलत होतो की! पण ते कोणाला कशावरून पटावं?

घरी बायकोला, सुमनला, हेच विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी खरा धरते की तुमचा शब्द."

"कशावरून?"

तिचा हात थांबला. "धरते म्हणलं ना. आता त्याचा बी पुरावा मागू नका."