बतूल निवडायची त्या तीन घड्याळांबद्दल

मी, इद्रिस सर्घिनी, वय एकाहत्तर, जेलाबा, म्हणजे टोपीचे पायघोळ झगे, शिवणारा शिंपी, राहणार मेकनेस, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असण्याबद्दल माझी मेहुणी जुहूर हिचे मत वेगळे आहे.

१. घर व दुकान यांची वाटणी शरियतीप्रमाणे व्हावी. मोठी कात्री मुलगा यासर याने ठेवावी. त्या कात्रीने कागद कापू नये.

२. मनगटी घड्याळे तीन. कुठले कधी घालायचे हे माझी दिवंगत पत्नी बतूल ठरवी. चाळीस वर्षे मी हात पुढे करी, ती बांधी. शुक्रवारी पांढऱ्या तबकडीचे, मयतीला काळ्या पट्ट्याचे, लग्नकार्याला सोनेरी, जे तिच्या वडिलांनी मला दिले. एकदा मी मयतीला सोनेरी मागितले. "घाला की! लोक म्हणतील, याला वाटणीची घाई झालीय," ती म्हणाली.

३. काळ्या पट्ट्याचे शेजारी उमर याला. तो मयतीला नेहमी उशिरा येतो आणि कुसकुसच्या परातीपाशी वेळेवर. पांढरे मशिदीत बांग देणाऱ्यास द्यावे.

४. सोनेरी घड्याळ जुहूरला. कारण लिहिणे भाग आहे.

सरकारने रमजान सोडून वर्षभर घड्याळे एक तास पुढे नेली, तेव्हा मी हट्टाने हे एक जुन्या वेळेवरच ठेवले. सूर्य काय सरकारला विचारून उगवतो? बांधताना बतूल दर वेळी बजावायची, "यात एक तास मिळवा हं."

गेल्या हिवाळ्यात ती इस्पितळात होती. भेटायची वेळ तीन ते चार. तिला आवडते म्हणून त्या दिवशी सोनेरी मीच निवडले, मीच बांधले. बजावायला घरात कोणी नव्हते.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "हाजी, चार वाजून गेले. उद्या या."

"डोळे फुटले का तुझे? आत्ता कुठे तीन वाजलेत!"

"हाजी, तुमच्या घड्याळात अजून रमजानच चाललाय."

मी हुज्जत घालत उभा राहिलो. पाचाच्या आत बतूल गेली.

जुहूर तिच्याजवळ होती. बतूल तिला सारखी सांगत होती, "येतील गं. घड्याळ सापडत नसेल त्यांना. मी नाही ना घरी." हे मला सांगितल्यावर जुहूर माझ्याशी बोललेली नाही. तिचे काही चुकले नाही. घड्याळ ठेवावे की विहिरीत टाकावे, हे तिने ठरवावे. मी ते आज एक तास पुढे केले आहे. हे काम आधी केले असते तर मी बतूलचा हात धरून बसलो असतो.

५. मला बतूलशेजारी पुरावे. कफनात मनगट मोकळेच असते, त्यामुळे माझ्या हातून पुन्हा चूक व्हायची नाही. उमरसाठी थांबू नये. तीनच्या आत न्यावे. ती वाट बघते आहे.

साक्षीदार: हम्मादी लहलू, बूश्ता झेरवाली

सही: इद्रिस सर्घिनी
मेकनेस, १४ नोव्हेंबर २०२३, दुपारी पावणेतीन, नव्या वेळेने