डावीकडून तिसरे

अहो,

तुम्ही फिरून येईपर्यंत मी ड्युटीला गेलेली असेन. पोहे झाकून ठेवलेत.

काल तुम्ही नको म्हणालात तरी आपल्या मैत्रीला त्या राजकारणावरच्या एकपात्रीला नेलंच. पंधरा वर्षांच्या पोरीच्या कानावर काय काय पडेल, याचं मलाही टेन्शन होतं. पण एक शिवी नाही, काही वावगं नाही. सुटले बाई!

फक्त नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर खाली शुभेच्छुकांची मुंडकी लावतात ना, त्यावर तो कलाकार दहा मिनिटं बोलला. मैत्री खो-खो हसली. मला घाम फुटला. शिरवणे नाक्यावरच्या बॅनरवर डावीकडून तिसरे तुम्हीच की!

बाहेर पडल्यावर म्हणाली, "आई, बाबा असते तर तेही हसले असते ना?"

मी हो म्हणून टाकलंय. उठली की तुम्हालाच विचारेल.

हसा.